शिट्टी कोणाच्या हातात?

"नवी पोरं मंडळात टिकत नाहीत." जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही गल्लीत जा, हे ऐकू येतंच. बोलणारे बहुतेक तिशीतले दादा. माईक त्यांच्याकडे, पावतीपुस्तक त्यांच्याकडे, खोलीची किल्लीही त्यांच्याच खिशात. मग पोरांनी थांबायचं कशाला, खुर्च्या उचलायला?

शिरीषकुमारचं नाव आपण अभिमानाने घेतो. ९ सप्टेंबर १९४२ला नंदुरबारला, 'चले जाव'च्या मिरवणुकीवरच्या पोलिसांच्या गोळीबारात तो गेला, तेव्हा पंधरा वर्षांचा होता. आणि आपल्याला पंधरा वर्षांच्या पोराकडे किल्ली द्यायची भीती वाटते!

माझं मत असं की शिकवणारा माणूस तेराव्या-चौदाव्या वर्षी तयार व्हायला लागतो, आणि तोही धाकटी पोरं ताब्यात दिल्यावरच. व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं खुशाल घ्या, त्याने फोटो चांगले येतात.

लेझीमचंच बघा. नव्या पोरांना पहिले दोन-तीन आठवडे फक्त चार आवाज, म्हणजे चार ठोक्यांचा पहिला हात. हात बसल्याशिवाय पावलं टाकायचा पवित्रा नाही, लांब ढांगेचा फलांग तर नाहीच. हे शिकवायला पंचविशीतला गडी नको, गेल्या वर्षी शिकलेला आठवीचा पोऱ्या हवा. हात नेमका कुठे अडतो हे तो अजून विसरलेला नसतो. त्याला सहा पोरं द्या, फार तर आठ. बारा दिली की मागची रांग खोड्या काढते, तो ओरडायला लागतो आणि मग ओरडणं म्हणजेच शिकवणं असं त्याच्या डोक्यात बसतं. शिट्टी त्याच्याच हातात असू द्या. दादाने मागे उभं राहायचं. चुकीचा ठेका चालला तरी मध्ये पडायचं नाही. सराव संपल्यावर बाजूला घेऊन एकच चूक सांगायची. सगळ्यांसमोर टोकलं की दुसऱ्या दिवशी त्याचं कोणी ऐकत नाही. (हे सर्वात जड दादांनाच जातं.)

डीजेवर माझा राग आवाजापुरता नाही. तो भाड्याने येतो, चालवणारा सोबत येतो, पोराला करायला उरतं फक्त नाचणं.

हिशोबाचंही तसंच. लहान पोरांना वर्गणीला एकटं पाठवू नका. पण रोज रात्री स्थळप्रती (पावतीपुस्तकात आपल्याकडे उरणाऱ्या प्रती) आणि रोकड जुळवताना वही नववीच्या पोराने लिहावी, शेजारी मोठ्याने बसावं. विसर्जनानंतर एकदम जुळवायला बसलात की शे-दोनशेचा फरक निघतो आणि संशय नेमका लहानावर येतो.

गळती दोनदा होते. कापूस वेचणीला खेड्यातली पोरं वावरात असतात. तेव्हा गैरहजेरीवरून नाव कापलं की ती फिरकत नाहीत. दुसरी बारावीनंतर, पुणे-नाशिक-सुरतेकडे. म्हणून प्रत्येक काम दोघांना आलं पाहिजे, आणि त्यातला एक वयाने धाकटा हवा.

मुलींचं काय? आखाजीला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, गौराईची गाणी मोठ्या पोरी धाकट्यांना शिकवतात, कुठलीही कार्यकारिणी नसताना. मंडळात मात्र आठवीनंतर त्या दिसेनाशा होतात, कारण आपला सराव अंधार पडल्यावर रंगात येतो. हिवाळ्यात सहाच्या आत संपवा, उन्हाळ्यात सकाळी सहाला सुरू करा, ४४ अंशांत तसंही दुपारी कोणी येणार नाही. मैदानावर एक ताई किंवा काकू शेवटची मुलगी घरी जाईपर्यंत हवी. आणि गटाची शिट्टी मुलीकडेही द्या, मुलांच्या गटाचीसुद्धा.