लोकांना गुंडाळायचंय? या, बसा!

सर्वांत आधी मनातला न्यूनगंड काढून टाका. माणसं गुंडाळायला सत्ता हवी, पैसा हवा, जिभेवर सरस्वती हवी, हा सगळा गैरसमज आहे. माणसाला नेमकं काय टोचतं आणि कशाने गुदगुल्या होतात, एवढं कळलं की पुरे. गर्दीत शिरला की शहाणासुरता माणूसही अक्कल बाजूला ठेवतो, असं गुस्ताव ल बाँ या फ्रेंच गृहस्थांनी १८९५ सालीच लिहून ठेवलंय. विद्वानांनी पुढे त्यांना बरंच सोलून काढलं, पण मुसोलिनीला ते फार आवडायचे. तुम्ही कुणाच्या रांगेत बसणार ते विचारत नाही; इथवर आलात त्यातच कळलं.

गुरू करायचा तर एडवर्ड बर्नेस, अमेरिकेत कंपन्यांसाठी लोकांची मतं घडवून देणारे जनसंपर्कतज्ज्ञ. फ्रॉइडचा सख्खा भाचा. मामाने मनाचा तळ शोधण्यात आयुष्य घालवलं, भाच्याने तिथे दुकान थाटलं. १९२० च्या दशकात अमेरिकेत बाईने रस्त्यावर सिगारेट ओढणं म्हणजे अब्रू घालवणं, त्यामुळे सिगारेट कंपनीचं अर्धं गिऱ्हाईक वाया चाललेलं. बर्नेसनी एका मनोविश्लेषकाला विचारलं, बायकांना सिगारेटमध्ये काय दिसेल? तो म्हणाला, स्वातंत्र्य. झालं! १९२९ च्या ईस्टरला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर ऐन गर्दीत तरुणींनी सिगारेटी शिलगावल्या आणि वर्तमानपत्रांत 'स्वातंत्र्याच्या मशाली' पेटल्या. कंपनी पडद्याआड. शिका काहीतरी. खोकला विकायचा असेल तर हक्क म्हणून विका.

आणि आपली विद्या कुणाच्या हाती पडेल याची चिंता करत बसू नका. बर्नेस स्वतः ज्यू. १९३३ साली एका पत्रकाराकडून त्यांना कळलं की जनमत घडवण्यावरचं त्यांचं पुस्तक हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सच्या संग्रहात आहे आणि ज्यूंविरुद्धच्या प्रचारासाठी तो ते वापरतोय. हे त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलंय. धक्का बसला म्हणे. धंदा मात्र सुरू राहिला.

खोटं एकदाच बोलून थांबू नका. तेच विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांत दिसत आलंय.

खोटं एकदाच बोलून थांबू नका.

आकडा दशांश चिन्हासकट द्या.

फॉरवर्ड करताना खाली 'खरं-खोटं माहीत नाही, पण सावध राहिलेलं बरं' एवढं टाका. हात झटकून मोकळे.

यंत्राची मदत घ्यायला लाजू नका. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने ६,८९,००३ जणांच्या फीडमध्ये कुणाला आनंदाच्या पोस्टी कमी, कुणाला दुःखाच्या कमी असा फेरफार केला आणि मग ते स्वतः काय लिहितात ते आठवडाभर पाहिलं. परिणाम चिमूटभरच निघाला. पण ज्यांच्या मनात बोट घालून पाहिलं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. परवानगी म्हणे खातं उघडताना दाबलेल्या 'मान्य आहे'मध्येच होती. ते बटण आपण सगळ्यांनी दाबलंय.

आता मुख्य धडा, सभा जिंकण्याचा. १९५१ मध्ये सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. कार्डावर रेघा, यातली कुठली त्या दुसऱ्या रेघेएवढी, ते सांगा. लहान मूलही सांगेल. फक्त खोलीतले बाकीचे सगळे पढवलेले, ते एकामागून एक ठामपणे चुकीचं उत्तर देणार. बिचाऱ्या खऱ्या माणसाची पाळी शेवटी. चारातल्या तिघांनी निदान एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांना खोटं ठरवून इतरांची री ओढली. तेव्हा शंभर जणांना पटवायची गरजच नाही. तिघांना पढवा आणि पुढच्या रांगेत बसवा.

परवा आमच्या इमारतीच्या सभेत याचं देखणं प्रात्यक्षिक झालं. कुणाची तरी सायकल गेली. रात्री ग्रुपवर मेसेज, 'आतलाच माणूस असणार.' सकाळपर्यंत आतला माणूस म्हणजे वॉचमन, दुपारी 'ही माणसं अशीच', संध्याकाळपर्यंत टोळी. पहिला मेसेज कशावरून टाकला, हे विचारायचं नसतं. मी विचारलं. कॅमेऱ्यात काय दिसतंय? कॅमेरा बंद. कधीपासून बंद, आणि ते बघायचं काम कुणाचं? यावर सचिवांनी माझ्याकडे अशा काही करुणेने पाहिलं! 'तुम्हाला चोराचा एवढा पुळका का?' टाळ्या. अहो, चोर ठरला केव्हा? 'साहेब, प्रश्न आपल्या मुलांच्या सुरक्षिततेचा आहे.' हे वाक्य आलं की संपलंच. त्यापुढे पुरावा मागणारा थेट मुलांच्या जिवावर उठलेला. पुढच्या रांगेतले तीन हात वर. मग इकडेतिकडे बघत दहा. मग सगळे. त्या माणसाला बोलावून एकदा विचारावं, एवढंही कुणाला सुचलं नाही. तो खाली गेटवरच उभा होता! दुसऱ्या दिवशी त्याला कामावरून काढलं आणि मला ग्रुपमधून. सायकल अजून मिळालेली नाही, आणि तिचं नावही कुणी काढत नाही.

एका वॉचमनवरून एवढा थयथयाट कशाला, म्हणता? १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या रवांडात एका रेडिओवरून तुत्सी जमातीच्या शेजाऱ्यांना 'झुरळं' म्हटलं जायचं. मधे मधे गाणी, थट्टामस्करी. लोक आवडीने ऐकायचे. शंभरेक दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, कित्येकदा ओळखीच्यांच्याच हातून. सायकल आणि कत्तल एक नाही, तेवढं मलाही कळतं. पण 'ही माणसं अशीच' ही पायरी तिथलीच आहे, आणि तिच्यावर पाय ठेवताना तुम्हाला काहीही वाटलं नाही.

पुरे झाला उपदेश. गुंडाळणाऱ्यांना मी काय शिकवणार, ते शिकूनच आलेले असतात. माझा राग आहे तो सभेनंतर जिन्यात गाठून, आजूबाजूला कुणी नाही ना हे बघून, 'तुमचंच बरोबर होतं हो' असं कुजबुजणाऱ्यांवर. मग आत काय तोंडात गुळणी धरली होती? अ‍ॅश यांनी पुढे खोलीत खरं उत्तर देणारा एकच माणूस बसवून पाहिला, तर री ओढण्याचं प्रमाण जवळपास पावावर आलं. तुम्हाला तर तो एक माणूसही मिळाला होता. मी बोलत होतो, तुम्हाला ऐकू येत होतं, पटतही होतं, आणि तरी हात वर गेले. अ‍ॅशच्या खोलीतले लोक परवडले. आणि आता मला सांगून काय उपयोग? ज्याची नोकरी घालवलीत त्याला सांगा. नंबर आहे की सगळ्यांकडे. मध्यरात्री गेट उघडायला त्यालाच तर उठवायचात.