पाठीचं माप

झाडाचा घेर मोजायचा तो जमिनीपासून 1.37 मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर. आमच्या कामात या उंचीला ‘छातीची उंची’ म्हणतात. छाती कुणाची, ते कुणी सांगत नाही. माझी नव्हे, एवढं नक्की. चपला काढून मी पाच फूट भरते आणि ती साडेचार फुटांची रेघ बरोबर माझ्या नाकाखाली येते. गेली सहा वर्षं मी ठाण्यातली झाडं नाकाने मोजते आहे.

काम सोपं आहे. नौपाड्यात, पाचपाखाडीत, वर्तकनगरात जुन्या इमारती पाडून टॉवर उठतायत. आवारातलं झाड तोडायचं म्हटलं की 1975 चा वृक्ष कायदा आडवा येतो, आणि मग परवानगीसाठी प्रत्येक झाडाची यादी लागते: नाव, घेर, अंदाजे उंची, फोटो, खोडावर रंगाने नंबर. माझ्या जोडीला समीर असतो. तो सहा फूट. त्याची छाती टेपला जिथे हवी तिथेच आहे. रविवारी मी येऊरच्या डोंगरात जाते, कधी कसारा लोकलने आसनगाव गाठून माहुली गडावर. फिटनेससाठी, असं घरी सांगितलंय. खरं कारण घरातला रविवार हेच आहे.

या सगळ्याला सॅक लागते. माझ्याकडे होती ती लेकीची कॉलेजातली, लॅपटॉपची. दोन पावसाळे काढल्यावर तिच्या आतल्या थराने अंग टाकलं. आधी तो बोटांना चिकटायला लागला, मग त्याचे पापुद्रे सुटून डब्यातल्या पोळीला लागायला लागले. आपल्या दमट हवेत हा लेप असाच कुजतो. सॅक कपाटात नुसती ठेवली तरी कुजतो. पण मी ती टाकली नाही. मराठी घरात पिशवी टाकत नाहीत, तिच्यात दुसरी पिशवी घालून ठेवतात.

मग खांदा दुखायला लागला. एकदा रद्दी द्यायला गेले होते तेव्हा सहज सॅक काट्यावर ठेवली. दोन पाण्याच्या बाटल्या, रजिस्टर, टेप, रंगाचा डबा, ब्रश, छत्री, जेवणाचा डबा, ओडोमॉस आणि ‘असू दे’ म्हणून भरलेलं बाकीचं. रद्दीवाला म्हणाला, “साडेसात किलो, ताई. देताय का?” क्षणभर मोह झाला.

दिवसभराच्या चालण्यात पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या साधारण दहा टक्क्यांत ठेवावं म्हणतात. पण त्यासाठी स्वतःचं वजन खरं सांगावं लागतं, म्हणून ते गणित मी तिथेच सोडलं.

घरी विषय काढला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, एवढं नेतेसच कशाला?” नवरा म्हणाला, “घे की माझी.” त्याची सॅक मी चढवली तर पट्टे खांद्यांच्या बाहेर, कमरेचा बेल्ट बसण्याच्या जागेवर आणि वरचं टोक अंबाड्यात घुसलेलं. मान वर करून पाहायची सोय नाही. माहुलीच्या वरच्या शिडीवर मान वर करता आली नाही तर पुढच्याच्या टाचा तेवढ्या दिसतात.

पहिली फेरी स्टेशनजवळच्या बॅगांच्या दुकानात. “लेडीज दाखवा,” म्हटल्यावर दुकानदाराने गुलाबी सॅक काढली. मग जांभळी, मग फिकट गुलाबी. तिघींना आरसा ठेवायचा कप्पा आणि चेनला गोंडा. पाठीशी पुठ्ठा, कमरेला काही नाही. मी विचारलं, “जेन्ट्समध्ये आणि हिच्यात फरक काय?” तो म्हणाला, “ही नाजूक आहे.” साडेसात किलो नाजूक कसे उचलायचे, हे त्याला विचारलं नाही. गिऱ्हाइकांची गर्दी होती.

दुसरी फेरी घोडबंदर रोडवरच्या खेळांच्या सामानाच्या मोठ्या दुकानात. तिथल्या मुलाने विचारलं, “काकू, मुलासाठी?” म्हटलं, “माझ्यासाठी.” “चारधाम का?” बायकांनी या वयात पाठीवर ओझं घेतलं तर ते देवासाठीच, अशी त्याची श्रद्धा असावी. मी म्हटलं, “झाडं मोजायला.” यावर तो काही बोलला नाही, लिटरवर आला. वीस, तीस, पन्नास. सॅक लिटरमध्ये मोजतात आणि माझं डोकं तेलाच्या डब्यांत. तीस लिटर म्हणजे पंधराचे दोन डबे, असा हिशेब जमला आणि जरा धीर आला. तीस पुरे. मोठी घेतली की बाई ती भरतेच.

“आणि पाठीचं माप?” मी विचारलं. त्याने लेबल पाहिलं. म्हणाला, “फ्री साइज आहे, काकू. सगळ्यांना बसते.” सगळ्यांना बसतं असं सांगितलेलं काहीही मला आजवर बसलेलं नाही.

मी घरी आले आणि शिंपीकाकांकडे गेले.

काका माझे ब्लाऊज वीस वर्षं शिवतायत. माझ्या पाठीविषयी त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, डॉक्टर धरून. मी सांगितलं की मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं, तिथून मोजायचं. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर, अंगठे मागे. त्या दोन अंगठ्यांमधल्या रेघेपर्यंत. काकांनी टेप लावली, चष्मा वर केला. “वहिनी, एवढा लांब ब्लाऊज?” “सॅक,” मी म्हटलं. “हां,” ते म्हणाले आणि वहीत ब्लाऊजच्याच पानावर लिहिलं: ‘सॅक. पाठ साडेपंधरा.’ मग जरा थांबून म्हणाले, “उजवा खांदा पाऊण इंच खाली आलाय. दिवाळीच्या ब्लाऊजला मी तो वरनं जुळवला होता, बोललो नाही.”

म्हणजे मी वाकडी झाले होते आणि काका मला शिलाईत सरळ करत होते.

साडेपंधरा इंच हे छोटं माप. अठरा-एकोणीस इंची पाठीची सॅक मला चढवली की बेल्ट हाडावर बसतच नाही, खाली घसरतो, आणि सगळं वजन दोन खांद्यांना लोंबकळतं. बायकांसाठी विचार करून केलेल्या सॅकमध्ये पाठ आखूड असते, पट्टे एकमेकांच्या जवळ आणि जरा वळणाचे असतात. वळण कशासाठी, ते पुरुषांचे सरळ पट्टे लावून येऊर चढलेल्या कुठल्याही बाईला विचारा. बेल्टलाही कमरेचा उतार दिलेला असतो, कारण वजन पेलायचं ते कमरेने. हे वाचून मला मोठा शोध लागल्यासारखं झालं. मग आजी आठवली. विहिरीवरून घागर यायची ती तिच्या कमरेवर. मूलही कडेवरच, आणि अंगाला चिकटवून, कारण लांब धरलं की दुप्पट जड लागतं. सॅकेतही जड वस्तू पाठीला चिकटून ठेवायची, हे आजीला कुणी सांगावं लागलं नसतं. आम्ही मात्र शिकून घागर खांद्यावर नेली.

तिसऱ्या फेरीला मी सहा किलो तांदूळ घेऊन गेले. रिकामी सॅक कुणालाही छान बसते. भरून चालल्याशिवाय ती बोलत नाही. दारावरच्या सिक्युरिटीने पिशवी उघडली. “ये क्या है?” “चावल.” त्याने आत हात घालून चाचपलं, मग मुकाट्याने पिशवीला स्टिकर लावलं. तोच मुलगा धावत आला. आपल्या दुकानात कुणीतरी कोलम घेऊन आलंय, हे त्याला पचत नव्हतं.

मी सॅकेत तांदूळ भरले, सगळे पट्टे सैल केले. आधी बेल्ट, बरोबर हाडावर. मग खांद्याचे पट्टे ओढले. खांद्यावरून मागे जाणारे छोटे पट्टे जरासे ताणले, तेव्हा सॅक पाठीला टेकली. शेवटी छातीचा पट्टा. आणि अडचणी इथे सुरू झाल्या. बेल्टचं बक्कल आलं ते थेट सलवारीच्या नाडीच्या गाठीवर. श्वास घेतला की गाठ पोटात. छातीच्या बक्कलात मंगळसूत्राची वाटी अडकली. ओढणी पाठ आणि सॅक यांच्यामध्ये गेली ती गेलीच. यातलं एकही कुठल्या माहितीपत्रकात नसतं. ट्रायल रूममध्ये जाऊन नाडीची गाठ बाजूला घेतली, मंगळसूत्र आत टाकलं, ओढणी पर्समध्ये कोंबली आणि वीस मिनिटं दुकानाच्या जिन्यावर चढ-उतार केली. चौथी सॅक बसली. खांद्यावर दोन बोटं सहज जात होती आणि तांदूळ कुठे आहेत ते आठवावं लागत होतं. रंग मातकट हिरवा. मुलगा म्हणाला, “काकू, यात गुलाबी पण आहे.”

घरी किंमत कमी करून सांगितली.

पावसाचं म्हणाल तर बाहेरचं रेनकव्हर ठाण्याच्या पावसापुढे लाजेपुरतंच. पाणी पाठीवरून वाहत आतल्या बाजूने शिरतं. म्हणून रजिस्टर आणि डबा आत जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड पीळ घालून बांधून. शेवटी पिशवीत पिशवी आलीच.

परवा पाचपाखाडीत एका आवारात शेवटचा जांभूळ भिंतीपलीकडे होता. समीर म्हणाला, “मॅडम, तुम्ही चढा, सॅक मी आणतो.” त्याने ती पाठीवर घेतली. बेल्ट त्याच्या बरगड्यांवर चढला, पट्टे काखेत रुतले, हात पंखांसारखे वर राहिले. भिंतीवरून उतरून तो म्हणाला, “मॅडम, कुठून घेतली ही? काहीतरी चुकलंय हिच्यात. नीट बसतच नाही.”

मी टेप नाकाखाली धरली. म्हटलं, “एक्क्याण्णव. लिहून घे.”