‘मोकळ्या हवेत लागण होतच नाही’ : एका फिरत्या दाव्याची तपासणी

विषाणूची साथ पसरू लागली, की तिच्याबरोबर काही ठरावीक संदेशही पसरतात. कोविडच्या काळात त्यांतला एक फार फिरला आणि नव्या साथीची नुसती कुणकुण लागली, तरी तो पुन्हा डोके वर काढतो. त्याचा आशय थोडक्यात असा : विषाणू बंद खोलीतच पसरतो, मोकळ्या हवेत त्याची लागण होत नाही, ऊन त्याला मारते आणि वारा उडवून नेतो, व्यायाम करणाऱ्याचे तो काही वाकडे करू शकत नाही, तेव्हा बागेत, मैदानावर, डोंगरावर किंवा समुद्रकिनारी अंतर, मास्क, माणसांची संख्या असले कोणतेही बंधन पाळण्याचे कारण नाही, आणि अंगात कसकस वाटत असेल, तर बाहेर पडून घाम गाळावा, म्हणजे ती निघून जाते.

हा संदेश धडधडीत खोटा असता, तर त्याची एवढी दखल घ्यावी लागली नसती. त्याचा पहिला भाग खऱ्याच्या इतका जवळ आहे, की उरलेला भाग त्याच्या आडून सहज खपून जातो. म्हणून तो एकेक विधान घेऊनच तपासायला हवा.

‘मोकळ्या हवेत लागण होत नाही’

इथे सगळा घोळ ‘कमी होते’ आणि ‘होत नाही’ या दोन शब्दप्रयोगांमधल्या अंतराचा आहे. कमी होते, हे निर्विवाद. कोविडविषयीच्या तोवरच्या अभ्यासांचा जो आढावा २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार नोंदल्या गेलेल्या संसर्गांपैकी १० टक्क्यांहूनही कमी संसर्ग उघड्यावर झालेले होते आणि बंदिस्त जागेत लागण होण्याची शक्यता उघड्यावरच्यापेक्षा सुमारे १९ पट होती. चीनमध्ये २०२० च्या जानेवारी-फेब्रुवारीत तीन किंवा अधिक माणसांना लागण झाल्याचे जे ३१८ उद्रेक तपासले गेले, ते सर्वच्या सर्व बंदिस्त जागांमधले निघाले. संदेश पुढे पाठवणारे या अभ्यासाचा दाखला मोठ्या उत्साहाने देतात; पण त्याच अभ्यासात उघड्यावर झालेल्या लागणीची एक घटना नोंदलेली आहे, तिचा उल्लेख कोणी करत नाही. एका गावात एक तरुण वूहानहून परतलेल्या माणसाशी बाहेर उभा राहून बोलला आणि आजारी पडला. गर्दी नव्हती, छप्पर नव्हते, भिंतीही नव्हत्या. दोन माणसे समोरासमोर उभी राहून बोलली, एवढेच घडले. शिवाय तो काळ कडक थंडीचा आणि टाळेबंदीचा होता, माणसे मुळात घरातच बसून होती, तेव्हा उघड्यावरच्या घटना कमी सापडल्या यात नवल ते काय? बागेतल्या अनोळखी माणसाकडून झालेली लागण शोधून काढणे हेही घरातल्या लागणीच्या मानाने फार अवघड असते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मोकळी हवा नेमके काय करते, हे समजून घेतले तर ‘कमी’ आणि ‘नाही’ यांतला फरक आपोआप उलगडतो. बोलताना, हसताना, धापा टाकताना आपल्या तोंडातून जे तुषार आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात, त्यांतले मोठे थोड्याच अंतरावर खाली पडतात आणि बारीक कण हवेत तरंगत राहतात. बंद खोलीत हे बारीक कण साचत जातात. अमेरिकेतल्या स्कॅजिट काउंटीत १० मार्च २०२० रोजी झालेल्या एका समूहगायनाच्या सरावाला हजर असलेल्या ६१ जणांपैकी ५३ जण आजारी ठरले, त्याचे एक मोठे कारण हवा अशी साचणे हे मानले जाते. उघड्यावर हे कण साचत नाहीत, ते विरळ होतात. मात्र विरळ होण्यासाठी त्यांना थोडे अंतर कापावे लागते. सिगारेट ओढणारा माणूस मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर त्याचा पत्ताही लागत नाही. तोच आपल्या बाकावर येऊन बसला, की आकाश कितीही मोकळे असले तरी धूर नाकात जातोच. श्वासाचे गणित याहून वेगळे नाही, फक्त श्वास दिसत नाही आणि त्याला वास येत नाही.

गर्दीच्या बाबतीत तर इतिहास फारच स्पष्ट बोलतो. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबरला युद्धकर्ज उभारणीची मिरवणूक रद्द करण्यास नकार दिला आणि सुमारे दोन लाख माणसे रस्त्याच्या दुतर्फा खांद्याला खांदा लावून उभी राहिली. सगळे काही उघड्यावर होते. काही दिवसांतच शहरातली रुग्णालये भरून गेली आणि पुढच्या काही आठवड्यांत शहराने हजारो माणसे गमावली. विषाणू तिथे आधीच शिरलेला होता, त्यामुळे सगळा दोष एकट्या मिरवणुकीच्या माथी मारता येणार नाही. पण मोकळ्या आकाशाने त्या गर्दीला संरक्षण दिले, असे म्हणायची सोयही ती घटना ठेवत नाही.

‘ऊन विषाणूला मारते’

मारते, यात वाद नाही. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत २०२० साली कृत्रिम सूर्यप्रकाशाखाली केलेल्या प्रयोगांत भर उन्हाळ्याइतक्या प्रकाशात हवेतल्या कणांमधला ९० टक्के विषाणू २० मिनिटांच्या आत निष्क्रिय झाला आणि पृष्ठभागावर वाळलेल्या लाळेतल्या विषाणूला त्यासाठी सुमारे ७ मिनिटे लागली. आता हे आकडे हातात घेऊन दोन मित्र एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे आहेत असे डोळ्यांसमोर आणा. एकाच्या तोंडून निघालेला श्वास दुसऱ्याच्या नाकापर्यंत पोहोचायला एखाद-दोन सेकंद पुरतात. ऊन कितीही प्रखर असले, तरी त्याला हवी असतात मिनिटे आणि विषाणूला पुरतात सेकंद. ढगाळ दिवस, झाडाची दाट सावली, संध्याकाळ आणि शेकोटीभोवतीची रात्र यांचा तर हिशोबच धरलेला नाही.

उन्हाचा खरा उपयोग होतो तो बाक, कठडे, झोपाळे, घसरगुंड्या अशा वस्तूंच्या बाबतीत. आणि गंमत अशी, की तिथला धोका मुळातच थोडा होता. दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी असते, असा अंदाज अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने एप्रिल २०२१ मध्ये दिला होता.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण हा संदेश इतका लोकप्रिय का झाला याचे उत्तर त्यात आहे. साथीच्या पहिल्या काही महिन्यांत अनेक देशांच्या प्रशासनांनी उघड्या जागांवरच पहिला घाव घातला. मुलांच्या झोपाळ्यांना पिवळ्या पट्ट्या गुंडाळल्या गेल्या. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटे गावात पोरांनी जमू नये म्हणून स्केटिंगच्या मैदानात ३७ टन वाळू ओतण्यात आली. स्पेनमध्ये तर मुलांना सहा आठवडे घराबाहेर पाऊलही टाकता आले नाही; २६ एप्रिल २०२० रोजी त्यांना दिवसाला एक तास बाहेर जाण्याची मुभा मिळाली. ज्या जागा सर्वांत कमी धोक्याच्या होत्या त्यांनाच कुलूप लावल्याने लोकांचा विश्वास उडाला आणि ‘बाहेर काहीच होत नाही’ हे दुसरे टोक त्यांना जवळचे वाटू लागले. ही चीड मला समजते. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

‘वारा विषाणू उडवून नेतो’

नेतो, पण कुठे? तुमच्या पाठीमागून वारा येत असेल, तर तुमचा श्वास समोरच्याकडे जातो, एवढेच उत्तर पुरे. एप्रिल २०२० मध्ये याच्या बरोबर उलटा अतिरेकही व्हायरल झाला होता. धावणाऱ्याच्या मागे दहा मीटर आणि सायकलस्वाराच्या मागे वीस मीटर अंतर राखा, असे सांगणारी रंगीत संगणकीय चित्रे जगभर फिरली. ती चित्रे थेंब हवेत कसे वाहतात याचा अभ्यास दाखवणारी होती. लागण किती जणांना होते याचा तो अभ्यासच नव्हता. आपल्याला ओलांडून क्षणात पुढे निघून जाणाऱ्या धावपटूचा धोका नगण्य असतो. जो आपल्या शेजारून तासभर गप्पा मारत चालतो, त्याची गोष्ट निराळी.

‘व्यायाम करणाऱ्याला काही होत नाही’

नियमित व्यायामाने प्रकृती चांगली राहते आणि आजार झाला तर तो झेपण्याची ताकद वाढते, पण लागण होणे किंवा ती दुसऱ्याला देणे त्याने थांबत नाही. उलट जोराचा व्यायाम करणारा माणूस अधिक प्रमाणात कण हवेत सोडतो. विश्रांतीच्या अवस्थेत आपण मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. दमछाक होईतो धावताना हे प्रमाण दहा पटींच्याही पुढे जाते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तर कमाल श्रमाच्या वेळी बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म कणांची संख्या विश्रांतीच्या वेळेपेक्षा शंभर पटींहून अधिक भरली. कोविडचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना लागण देऊ शकतो; तेव्हा ‘मी ठणठणीत आहे, बघा किती पळतो’ हा पुरावा ठरत नाही.

मास्कबद्दलही संदेशात अशीच कात्री चालवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जोरकस व्यायाम करताना मास्क लावू नये असे सांगितले होते, हे खरे. त्याने श्वास घेणे अवघड होते आणि घामाने मास्क लवकर ओला होतो. पण त्याच वाक्याला जोडून व्यायाम करताना इतरांपासून किमान एक मीटर अंतर ठेवावे असेही सांगितले होते. पहिला अर्धा भाग घेतला, दुसरा गाळला आणि त्यावरून मास्क कुठेच नको असा शोध लावला गेला.

‘बाहेर जाणे म्हणजे सुरक्षित असणे’

माझ्या मते या संदेशाची सर्वांत मोठी चूक इथे आहे, आणि गंमत म्हणजे तिच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. ‘बाहेर जाणे’ ही एकसंध गोष्ट नसते. डोंगरावरच्या एका दिवसाच्या भटकंतीचा ताळेबंद मांडून पाहू. पहाटे वेगवेगळ्या घरांतले पाच जण एका मोटारीत बसतात. थंडी म्हणून काचा वर असतात, हवा आतल्या आत फिरत राहते, झोप उडावी म्हणून सगळे मोठमोठ्याने बोलत असतात. असे दोन तास जातात. मग चढण सुरू होते आणि पुढचे चार तास सर्वजण एकामागोमाग एक, अंतर राखून, बहुधा गप्प चालतात, कारण बोलायला दम उरलेला नसतो. माथ्यावर पोहोचल्यावर कोणीतरी फोन पुढे धरून सर्वांना जवळ बोलावतो; चौकटीत मावण्यासाठी गालाला गाल लागतात, एक फोटो हलतो, एकात कोणाचे तरी डोळे मिटलेले निघतात, म्हणून आणखी चार काढले जातात आणि ते पाहण्यासाठी पाच डोकी एकाच पडद्यावर वाकतात. मुक्काम असेल, तर रात्री दोघे-तिघे तंबूची चेन पूर्ण ओढून झोपतात. परतीला पुन्हा तीच मोटार आणि तेच दोन तास. घरी आल्यावर कोणी आजारी पडला, तर सगळे म्हणणार की लागण डोंगरावर झाली. ती बहुधा मोटारीत किंवा तंबूत झालेली असते.

तंबू, हवा बंद असलेली मोटार, पोहण्याच्या तलावाची कपडे बदलण्याची खोली, मैदानाशेजारचे स्वच्छतागृह, पाऊस आला म्हणून सर्वांनी ज्याच्याखाली दाटी केली ते छप्पर, या सगळ्या सहलीतल्या बंदिस्त जागा आहेत. तलावाच्या पाण्यातले क्लोरीन विषाणूला निष्क्रिय करते. खोलीतल्या हवेत क्लोरीन नसते. २६ सप्टेंबर २०२० रोजी व्हाइट हाउसच्या रोझ गार्डनमध्ये झालेला समारंभ हिरवळीवर, उघड्या आकाशाखाली झाला, पण खुर्च्या चिकटून होत्या, मास्क फारसे दिसत नव्हते आणि पाहुण्यांपैकी काही जण इमारतीच्या आतल्या स्वागतसमारंभालाही गेले. पुढच्या काही दिवसांत उपस्थितांपैकी अनेकांना लागण झाल्याचे उघड झाले. ती हिरवळीवर झाली की आत, याचा निवाडा कोणालाच नीट करता आला नाही.

या ताळेबंदातून निघणारे उपाय अगदी साधे आहेत. शक्य असेल तर वेगळ्या वाहनांनी जावे; एकत्र जावेच लागले, तर काचा खाली ठेवाव्यात आणि मास्क मोटारीतच लावावा, कारण त्याची खरी जागा ती आहे, डोंगरमाथा नव्हे. तंबूत एका घरातलीच माणसे झोपावीत. जपानने २०२० साली बंदिस्त जागा, गर्दी आणि जवळून केलेले संभाषण या तीन गोष्टी टाळा, असे सांगितले होते. सहल आखताना या तिन्हींपैकी कोणती केव्हा येणार आहे हे आधी पाहून ठेवले, तर उरलेला वेळ मोकळ्या मनाने घालवता येतो.

‘कसकस वाटत असेल तर घाम गाळा’

हे विधान संदेशात अगदी शेवटी येते आणि त्यातले सर्वांत घातक तेच आहे. घाम आल्याने विषाणू शरीराबाहेर जात नाही. अंगात ताप असताना जोराचा व्यायाम केल्यास हृदयावर ताण येतो; विषाणूसंसर्गात हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची शक्यता असते, ती विरळा असली तरी श्रमाने जीवघेणी ठरू शकते. म्हणूनच कोविडनंतर खेळाडूंनाही लक्षणे जाईपर्यंत विश्रांती घेऊन मग हळूहळू सराव वाढवण्याचा सल्ला देण्यात आला. छातीत दुखणे, धडधड किंवा चक्कर जाणवली, तर थांबून डॉक्टरांना दाखवायचे असते.

शिवाय कसकस असलेला माणूस घाम गाळायला एकटा जात नाही, तो गटाबरोबर जातो. आदल्या रात्री घसा खवखवू लागलेला माणूस सकाळी नेमून दिलेल्या जागी का हजर होतो, याचा विचार सहली आखणाऱ्यांनी करायला हवा. बहुतेक वेळा त्याचे पैसे भरलेले असतात, ते परत मिळणार नाहीत असे त्याला आधीच बजावलेले असते आणि आपल्यामुळे इतरांचा बेत फिसकटेल याचा संकोच वाटत असतो. अशा वेळी तो खोकला गिळतो आणि मोटारीत मधल्या जागेवर बसतो. आजारपणामुळे आयत्या वेळी न येणाऱ्याचे पैसे परत मिळतील, एवढी एक ओळ सहलीच्या सूचनापत्रात घातली, तर त्याला घरी राहणे सोपे जाईल.