करंटला जमिनीत जायचं नसतं

पाऊस लागला की एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला, त्यातला एक तर वाडीतल्या भजनी मंडळाचा. मजकूर साधारण असा: 'लाइट गेली तरी चिंता नको. जनरेटरशेजारी दोन फुटी सळई ठोका, मीठ-पाणी ओता, बॉडीची वायर तिला बांधा. शॉक लागणारच नाही. घरातल्या सगळ्या वस्तूंचे वॅट मिळवा आणि तेवढं मशीन घ्या. दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून ती सॉकेटमध्ये घाला, मेन पाडा, अख्खं घर चालेल.'

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडची कितीतरी गावं त्यानंतर आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हापासून आमच्याकडे बऱ्याच घरांत छोटा पेट्रोल जनरेटर आला. मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे असला मेसेज हसून सोडून देता येत नाही.

आधी सळई. करंट जमिनीत 'उतरतो' आणि तिथे विरून जातो, अशी समजूत या सल्ल्याच्या मुळाशी आहे. करंटला जमिनीत जायचं नसतं. तो जिथून निघाला तिथे परत जाण्याची वाट शोधत असतो. महावितरणच्या लाइनवर जमीन ही अशी एक वाट असते, कारण डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) जमिनीला बांधलेला असतो. जनरेटर लावला की तोच तुमची डीपी. आणि छोट्या पोर्टेबल जनरेटरमध्ये बहुतेक वेळा वाइंडिंगची (जिथे वीज तयार होते त्या तांब्याच्या गुंडाळीची) दोन्ही टोकं बॉडीपासून सुटी असतात. तुम्ही सळईला बांधली ती बॉडी. वाइंडिंगचा त्या सळईशी संबंधच नाही. मग फ्रिजच्या पत्र्यात फेज, म्हणजे जिवंत वायरीचा करंट, उतरला तर सळईने करायचं काय? ती आपली चिखलात उभी.

बरं, धरून चालू की न्यूट्रलही बॉडीला जोडलेला आहे, पण फ्रिज जनरेटरशी तिसऱ्या वायरने जोडलेला नाही, गळका करंट मातीतूनच परत येणार आहे. आमच्याकडे माती म्हणजे वीतभर, खाली जांभा. तिथे दोन फुटी सळईचा रेझिस्टन्स १०० ओहम सहज भरतो. २३० भागिले १०० म्हणजे २.३ अँपिअर. एवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) हलतसुद्धा नाही, आणि फ्रिजचा पत्रा जिवंत राहतो. मीठ-पाण्याने फरक पडतो, पण एका पावसात मीठ वाहून जातं. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये अर्थिंगचा पाइप किमान अडीच मीटरचा सांगितलाय, तो काही गंमत म्हणून नव्हे.

वाचवणारी गोष्ट वेगळी आहे. न्यूट्रल जनरेटरपाशीच, एकाच ठिकाणी, बॉडीला जोडलेला हवा आणि प्रत्येक वस्तूच्या पत्र्यापर्यंत तिसरी, हिरवी वायर हवी. मग गळका करंट मातीत न जाता तांब्यातूनच परत येतो आणि एमसीबी पडू शकतो. शिवाय त्या जोडणीच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसला की पडणारा स्विच), बाजारात ज्याला अजून ईएलसीबी म्हणतात तो. ही जोडणी मात्र घरच्या घरी करू नका. काही इन्व्हर्टर जातीच्या जनरेटरमध्ये आतली रचना निराळी असते, तिथे न्यूट्रल समजून बॉडीला वायर बांधली तर थेट शॉर्ट. आधी कंपनीचं पुस्तक वाचायचं, मग मशीन बंद ठेवून मीटर लावायचा. आणि हे सगळं घराला जोडायचं असेल तर घराचं नीट अर्थिंगही बॉडीला जोडलेलं हवंच. अर्थिंगच नको असं मी म्हणत नाही.

यावर हमखास ऐकू येतं, 'अहो, आमचा ईएलसीबी चालतो, टेस्टचं बटण दाबलं की पडतो.' पडणारच. ते बटण आतल्या आतच थोडा करंट वळवून बघतं. न्यूट्रल सुटा असला तरी ते पाडून दाखवतं. त्यातून स्विच चांगला आहे एवढंच कळतं, तुमची जोडणी बरोबर आहे की नाही ते नाही.

दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरीबद्दल मला चिडल्याशिवाय लिहिता येत नाही. एक टोक सॉकेटमधून निसटलं की पितळेच्या उघड्या पिनांवर २३० व्होल्ट. मेन पाडायला एकदा विसरलात की तुमचा करंट उलटा लाइनवर. गावातली डीपी ११,००० व्होल्टचे ४३३ करते. उलट्या बाजूने दिलं की तीच डीपी तुमचे २३० चढवून दहा हजारांच्या घरात नेऊ शकते. शेजाऱ्यांचा लोड पडून जनरेटर बहुधा आधीच दबेल. त्या 'बहुधा'च्या भरवशावर खांबावर वायरमन चढलेला असतो. घर चालवायचं तर फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच घराला जोडणारा) बसवून घ्या.

आता वॅटची बेरीज. एक एचपीचा पंप ७४६, फ्रिज १५०, चार पंखे ३००, दिवे १००, एकूण १,२९६. मेसेजच्या हिशेबाने दोन केव्हीएचा (जनरेटरची क्षमता यात मोजतात) पुष्कळ झाला. पण ७४६ वॅट हे पंपाच्या दांड्यावर मिळतात. विजेकडून तो अकराशेच्या आसपास ओढतो, म्हणजे साधारण ६ अँपिअर. सुरू होताना याच्या चार ते सहा पट, २४ ते ३६ अँपिअर. दोन केव्हीए जनरेटरकडे आहेत पावणेनऊ. पंप नुसता गुणगुणतो, व्होल्टेज कोसळतं, आणि दोन-चारदा असं झालं की रिवाइंडिंगचा खर्च. थेट सुरू होणाऱ्या एक एचपीला मी चार-पाच केव्हीएच्या खाली मशीन सुचवत नाही. म्हणून आधी चालू लोडची बेरीज, मग त्यात सर्वांत मोठ्या मोटारीचा सुरुवातीचा झटका. केव्हीए म्हणजे किलोवॅट असंही धरू नका; पॉवर फॅक्टर (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाचा वाटा) ०.८ असेल तर अडीच केव्हीएतून दोन किलोवॅटच निघतात. पाटीवर 'मॅक्स' आणि 'रेटेड' असे दोन आकडे असतील तर रेटेडवर चला. पैसे वाचवायचे असतील तर वस्तू एकदम लावू नका: आधी पंप एकटा, टाकी भरली की तो बंद, मग फ्रिज, मग पंखे.

मेसेजात धुराचा शब्दही नाही, आणि मशीन भिजू नये म्हणून लोक ते पडवीत ठेवतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही. घरापासून वीसेक फूट लांब, धुराचं तोंड दार-खिडक्यांच्या उलट बाजूला. वर पत्रा, चारही बाजू मोकळ्या.