डायनॅमो लावून बॅटरी भरत नाही

जुन्या स्प्लेंडरचं इंजिन उतरवा, मागच्या चाकात हब मोटर (चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर) बसवा, २० हजारांत घरच्या घरी इलेक्ट्रिक मोटरसायकल तयार. एका चार्जिंगमध्ये १५० किलोमीटर. चाकाला डायनॅमो जोडला की चालता चालता बॅटरी भरते. लायसन्स नको, पासिंग नको. या आशयाचा मेसेज व्हिडिओसकट गावोगावच्या ग्रुपवर फिरतोय आणि डिप्लोमाची पोरं तो बघून खरोखर पाना हातात घेतायत. घ्यावाच त्यांनी. अशी गाडी घरी बनवता येते आणि बनवताना जे शिकायला मिळतं ते वर्गात मिळत नाही. म्हणून तर या मेसेजचा राग येतो.

आधी डायनॅमो, कारण त्याच्यावर सगळ्यात लवकर विश्वास बसतो. डायनॅमो फिरवायला जोर लागतो. तो देते मोटर, आणि मोटरला वीज देते तीच बॅटरी. या फेऱ्यात दोन्हीकडे थोडी थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणजे बॅटरी भरायच्या ऐवजी लवकर उतरते. व्हिडिओत गाडी डबल स्टँडवर असते, चाक मोकळं फिरतं आणि मल्टिमीटरवर व्होल्टेज दिसतं. बॅटरीत अँपिअर किती परत गेले, हे मात्र कुणी मोजून दाखवत नाही. ब्रेक लावताना किंवा उतारावर मोटरलाच जनरेटर करून थोडी वीज परत मिळवता येते, ते खरं आहे. पण ती आधी खर्च केलेल्यातलीच, आणि थोडीच.

आता १५० किलोमीटर. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते; एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. स्प्लेंडर ६५ चं ॲव्हरेज देते असं धरलं, तर किलोमीटरला सुमारे १४० वॉट-तास झाले. त्यातला पाचवा, फार तर चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो. म्हणजे गाडी ओढायला किलोमीटरला ३० वॉट-तासांच्या आसपास लागतात. १५० किलोमीटरला साडेचार युनिट, तेही मोटर आणि कंट्रोलर (मोटरला लागेल तशी वीज देणारं सर्किट) यांच्यातली गळती न धरता. व्हिडिओत काय लावलंय? यूपीएसच्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या चार बॅटऱ्या. एकूण ३३६ वॉट-तास, कागदावर ११ किलोमीटर. लेड-ॲसिडमधून एवढा करंट एकदम ओढला की तेवढेही मिळत नाहीत.

लॅपटॉपचे जुने सेल वापरा, असंही त्यात म्हटलंय. २६०० एमएएचच्या एका सेलमध्ये ९ वॉट-तासांच्या थोडं वर बसतं. साडेचार युनिटांना सुमारे ४८० सेल, म्हणजे सहा सेलवाल्या ८० लॅपटॉप बॅटऱ्या, आणि त्या नव्या असतील तर. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र जोडले की कमजोर सेल आधी रिकामा होतो, चार्जिंगला लावल्यावर आधी भरतो, आणि बीएमएस (सेलवर लक्ष ठेवून चार्जिंग थांबवणारं सर्किट) नसेल तर त्याच्यात करंट जातच राहतो. आग तिथून लागते. त्यात हे पॅक लोक रात्री घरात, जिन्याखाली चार्जिंगला लावतात. सेलवर सोल्डरिंग आयर्न टेकवणं हाही धोकाच. निकेल पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच जोडायची.

२० हजारांत एवढ्या क्षमतेची धड बॅटरीसुद्धा येत नाही. चालवायचा खर्च पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी, हे मात्र शंभर टक्के खरं.

‘मोटर कुठलाही वेल्डर बसवून देतो’ हे मेसेजमधलं वाक्य मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. हब मोटरमध्ये चाक फिरतं आणि ॲक्सल स्थिर राहतो. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे ढकलते, तेवढाच उलटा पीळ ॲक्सलवर येतो. म्हणून तो दोन बाजूंनी चपटा केलेला असतो. स्विंगआर्मच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, खाचेत तो घट्ट बसला नाही, तर नट कितीही आवळा, एखाद्या चढावर तो सुटतो आणि गरगर फिरतो. मोटरच्या वायरी ॲक्सलमधूनच बाहेर येतात. त्या पिळवटून तुटतात, एकमेकींना चिकटतात आणि चालत्या गाडीचं मागचं चाक दाबून ब्रेक मारल्यासारखं अडतं. यावर उपाय आहे: टॉर्क आर्म. ॲक्सलच्या चपट्या भागावर बरोब्बर बसेल अशी खाच पाडलेली जाड पोलादी पट्टी, स्विंगआर्मला बोल्टने पक्की केलेली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माप दिलं की असलं काम सहज होतं. व्हिडिओत तिचं नावही नाही. इंजिन गेलं की इंजिन ब्रेकिंगही जातं, हेही कुणी सांगत नाही. रीजन, म्हणजे मोटरलाच जनरेटर करून ब्रेक लावायची सोय, नसेल तर करूळ घाट उतरताना सगळा भार ड्रम ब्रेकवर.

राहिलं लायसन्स आणि पासिंग. ती सूट २५० वॉटपेक्षा कमी मोटर आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतला वेग असलेल्या गाड्यांना आहे, आणि त्यांचंही मॉडेल सरकारमान्य चाचणी संस्थेकडून तपासलेलं लागतं. दीड-दोन किलोवॉट मोटर लावलेली स्प्लेंडर त्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मान्यताप्राप्त किट बसवून आरसी बुकात इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. पुण्याची एआरएआय ही वाहन-चाचणी संस्था अशा किटच्या चाचण्या करते. परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२-अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्या बदलावरच ठेवणार. शिकण्यासाठी बनवलेली गाडी कॉलेजच्या मैदानात किंवा स्वतःच्या शेतात चालवा, हेल्मेट घालून, वॉटमीटर लावून, आणि किलोमीटरला किती वॉट-तास लागले ते वहीत लिहून ठेवा.