चेक परत आला, पण येणं सिद्ध कुठे झालं?

आंब्याचा हंगाम आटोपला की देवगड-राजापूरकडून दरवर्षी तेच ऐकू येतं: "दलालाचे चेक परत आले. तुमच्या दुबईसारखा कायदा हवा, सरळ आत टाकायला हवं." दुबईत राहून हे ऐकताना मला मनापासून राग येतो. ती दुबई आता उरलेली नाही. 2 जानेवारी 2022 पासून इथे नुसती शिल्लक कमी पडणं हा गुन्हा नाही. खात्यात असेल तेवढी रक्कम बँक देते आणि उरलेल्या रकमेसाठी चेक थेट अंमलबजावणी न्यायाधीशापुढे जातो. उलट आपल्याकडे चेक न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम 138 खाली आजही दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कडकपणात रत्नागिरी दुबईच्या पुढे आहे!

केस पडते ती तारखांमुळे आणि हिशोबामुळे. चेकची मुदत तीन महिने. "पुन्हा टाका, गणपतीपर्यंत पैसे येतील" असं दलाल म्हणतो, आपण थांबतो, आणि मेअखेरचा चेक ऑगस्टअखेर मरतो. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती पोचल्यावर त्याला 15 दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात कोर्टात तक्रार. नोटिशीत चेकचीच रक्कम मागायची. व्याज, गाडीभाडं त्याच आकड्यात मिसळलं की नोटीस बाद ठरते. दलालाच्या वाशी बाजाराकडच्या कोर्टात फेऱ्या माराव्या लागतील ही भीतीही जुनी झाली. 2015 च्या दुरुस्तीनंतर तुमचं खातं ज्या शाखेत आहे, तिथल्या कोर्टात तक्रार होते.

सर्वात जास्त घोळ अर्धवट पैशांचा. तीन लाखांचा चेक हातात असताना दलालाने 80,000 यूपीआयने पाठवले आणि तुम्ही तोच चेक तसाच टाकलात, तर केस गेली. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. मिळालेल्या रकमेची नोंद चेकवरच करून बाकीसाठी तो टाकायचा, किंवा 2,20,000 चा नवा चेक घ्यायचा.

चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता, असं कोर्ट त्याच कायद्याच्या कलम 139 प्रमाणे आधी गृहीत धरतं. सही करून दिलेला कोरा चेक असला तरी. पण ते गृहीतक मोडायला आरोपीला शंभर टक्के पुरावा लागत नाही, त्याचं म्हणणं संभवनीय वाटलं तरी पुरतं. त्याचा वकील उलटतपासणीत एवढंच विचारतो: पेट्या किती, भाव काय, पट्टी (विक्रीच्या हिशोबाचा कागद) कुठे, आणि फवारणीला घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वजा केली का? पट्टीवर हमाली, तोलाई, भाडं लिहिलेलं असतं. उचल मात्र दलालाच्या वहीत आणि बागायतदाराच्या डोक्यात. येणं तिथेच हरवतं. तुमची स्वतःची वही एकटी पुरत नाही. व्हॉट्सॲपवरचा हिशोब दाखवायचा तर जुलै 2024 पासूनच्या साक्ष कायद्यात कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, हॅश मूल्यासकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक). तो फोन विकू नका.

इथे दुबईच्या अल अवीर या फळबाजारात माल उतरला की डिलिव्हरी नोटवर घेणाऱ्याचा शिक्का आणि सही पडते, कुणाला त्यात अपमान वाटत नाही. कारण इथे कुणी कुणाचं नाही. मला ही शिस्त आवडते आणि तिची किंमतही कळते. वडिलांच्या वेळेपासूनचा दलाल चतुर्थीला घरी आरतीला बसतो, त्याच्यापुढे कागद सरकवताना माझाही हात जड होईल. पण "लांब बसून शिकवू नका" हे मी ऐकून घेणार नाही. इथला माझा अधिकार व्हिसाच्या तारखेपर्यंतचा आहे. सातबाऱ्यावर नाव तिकडेच आहे, आणि बुडतात ते पैसेही माझ्याच माणसांचे.

म्हणून शेवटची पट्टी आली की त्याच आठवड्यात बसा. उचल वजा करा, एका कागदावर "हिशोब बरोबर, बाकी इतकी" लिहून तारखेसह त्याची सही घ्या. तीन वर्षांची मुदत संपण्याआधीच्या अशा सहीने दिवाणी दाव्याची मुदतही नव्याने सुरू होते. चेक त्याच आकड्याचा घ्या, आणि कुणी कितीही गणपतीचा वायदा केला तरी जुलैतच बँकेत टाका.