शेड म्हणजे पत्र्याची ताटली नव्हे

'डिझायनर दिव्यांची पोलखोल' या मथळ्याखाली लुई पौल्सन या डॅनिश दिवे-उत्पादक कंपनीविषयीचा एक संदेश सध्या गटागटांतून फिरतो आहे. एका दारूच्या व्यापाऱ्याने बल्बभोवती पत्र्याच्या तीन ताटल्या टांगून जगाला गंडवले, शेड, म्हणजे दिव्यावरचे आवरण, प्रकाश केवळ अडवते आणि एलईडी आल्यावर तर तिची गरजच उरलेली नाही, असा त्याचा गोषवारा. एरवी मी तिकडे लक्षही दिले नसते. परंतु माझ्या चुलत बहिणीने तो प्रमाण मानून मुलाच्या अभ्यासाच्या दिव्याची शेड उतरवून ठेवली, तेव्हा लिहिणे भाग पडले.

दारूची गोष्ट निम्मी खरी आहे. लुडविग पौल्सन यांनी १८७४ मध्ये सुरू केलेला व्यवसाय वाइनच्या आयातीचा होता, विजेच्या साहित्याकडे तो नंतर वळला. मात्र ज्या दिव्याची टवाळी चालली आहे तो पाऊल हेनिंगसेन या वास्तुरचनाकाराने त्यानंतर अर्ध्या शतकाने घडवला. त्याचे मूल्यमापन वाइनच्या पिंपावरून करण्यात काय हशील?

आता ताटल्यांकडे येऊ, कारण खरे नुकसान याच मुद्द्याने होते. हेनिंगसेन यांचे बालपण रॉकेलच्या दिव्यांच्या उजेडात गेले होते आणि उघड्या विजेच्या बल्बचा झगझगाट त्यांना असह्य वाटे. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांचे दिवे गाजले आणि १९२६ मध्ये कोपनहेगनच्या फोरम सभागृहासाठी तीन शेडचा दिवा तयार झाला. या शेडचा बाक लघुगणकी सर्पिलाच्या, म्हणजे गोगलगाईच्या शंखासारख्या रुंदावत जाणाऱ्या वळणावर बेतलेला आहे. या सर्पिलाच्या केंद्रातून निघालेली कोणतीही रेषा वळणाला सारख्याच कोनात छेदते. त्यामुळे केंद्रस्थानी ठेवलेल्या दिव्याचा प्रकाश शेडवर सर्वत्र सारख्या कोनात पडतो, बराचसा खाली वळतो, उरलेला मऊ होऊन बाजूला पसरतो आणि बल्ब मात्र थेट डोळ्यांत येत नाही. तीन ताटल्या म्हणून जी हेटाळणी होते, ती मुळात भूमिती आहे.

शेड काही प्रकाश शोषून घेते, हे खरे. पण म्हणून उघडा दिवा वाचायला चांगला, हा निष्कर्ष उफराटा आहे. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९९५ मध्ये झगझगाट मोजण्याचे जे सूत्र प्रसिद्ध केले, त्यात दिव्याच्या पृष्ठभागाचे तेज वर्गाच्या प्रमाणात मोजले जाते, तर तो डोळ्यांपुढे व्यापत असलेला विस्तार साध्या प्रमाणात. म्हणजे तेवढाच प्रकाश दुप्पट पृष्ठभागावर पसरवला, तर तेज निम्मे होते आणि त्या दिव्याचा सूत्रातला वाटाही निम्म्यावर येतो. एलईडीची उघडी चिप इवलीशी आणि अतिशय तेजस्वी असल्याने हा हिशेब तिला अधिकच कठोरपणे लागू पडतो. लेखन-वाचनाच्या कामासाठी युरोपीय मानकाने याच मोजपट्टीवर १९ ही कमाल मर्यादा ठरवली आहे. टेबलावर किती प्रकाश पोहोचला एवढेच पाहून डोळ्यांत किती शिरला हे विसरणारा माणूस इतरांना प्रकाशयोजना शिकवतो, याला काय म्हणावे!

दिव्याच्या आतले रंग निव्वळ शोभेचे, ही संदेशातली थट्टा दोन वाक्यांत निकालात निघते. हेनिंगसेन यांच्या १९५८ च्या 'पीएच ५' या दिव्यात लाल आणि निळे भाग आहेत ते शोभेसाठी नव्हे. डोळा पिवळ्या-हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो, म्हणून उरलेल्या दोन टोकांच्या रंगछटांची थोडी भर घालावी, हा त्यामागचा विचार होता.

'शंभर वर्षे एकच माल विकतात' हा आरोप तर वाचणेही जिवावर येते. बल्ब बनवणारे कारखाने बल्बचे आकार वारंवार बदलत, याला वैतागून हेनिंगसेन यांनी हा 'पीएच ५' कोणताही बल्ब चालेल अशा बेताने आखला. त्याच वर्षी त्यांचा आर्टिचोक दिवा आला, ज्याची पत्र्याची ७२ पाने कोणत्याही बाजूने पाहिले तरी आतला बल्ब झाकतात. डॅनिश वास्तुरचनाकार आर्ने याकोबसेन यांनी कोपनहेगनच्या एसएएस हॉटेलसाठी आखलेले दिवे याच कंपनीने बनवले आणि डॅनिश डिझायनर व्हर्नर पँटन यांचा १९७१ चा पँथेला हा दिवाही तिचाच, ज्याचा कर्ण्यासारखा पसरट पायसुद्धा प्रकाश परावर्तित करतो. किमती भरमसाट आहेत हे मला मान्य आहे, आणि संदेश तेवढ्यावरच थांबला असता तर मी हे लिहिलेही नसते.